शिट्टी वाजली की...

दिवेलागणीची वेळ होती. बाबा सायकल चालवीत होते, मी मागे कॅरिअरवर. गुलमंडीतली खरेदी आटोपून घरी निघालो, तो वाटेतल्या एका चौकात शिट्टी वाजली. डायनामो बिघडलेला, त्यामुळे दिवा नव्हता. चूक आमचीच होती. हवालदाराने एक शब्द न बोलता पुढच्या चाकाची हवा सोडून दिली. शाळेत साऱ्या वर्गाला धाकात ठेवणारे माझे बाबा त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. नियम काय, दंड किती, हे विचारायचे त्यांना सुचलेच नाही.

औरंगाबादचे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, जालना रोडवर उड्डाणपूल उभे राहिले. तरी हँडलला डबा अडकवून चिकलठाण्याच्या कारखान्यात निघालेला कामगार आजही सायकलवर दिसतो आणि शिट्टी ऐकून त्याच्या पोटात गोळा येतो. माझ्या मते ही भीती अज्ञानातून येते. म्हणून काही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हव्यात.

सायकल हे मोटार वाहन नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले लायसन्स, नोंदणी, विमा तिला लागत नाही. त्या कायद्यातली हेल्मेटसक्तीही मोटारसायकलीपुरतीच आहे. डोके जपणे शहाणपणाचे, ही गोष्ट वेगळी. पण म्हणून सायकलस्वाराला कायदाच नाही, असे समजू नये. वाहतूक पोलिसाने हात दाखवला की थांबलेच पाहिजे. इतरांच्या जिवाला धोका होईल अशी बेदरकारपणे सायकल हाकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे. पोलिसाच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडला आणि त्याने नाव-पत्ता विचारला, तर खरा सांगावा. लपवला तर तेवढ्यावरूनही अटक होऊ शकते.

आपणही शांतपणे विचारावे, "साहेब, कोणता नियम मोडला?" दंड भरला तर पावती घ्यावी. चोरीच्या संशयावरून सायकल जप्त होऊ शकते. म्हणून खरेदीची पावती जपावी आणि सांगाड्यावर कोरलेला नंबर वहीत टिपून ठेवावा. अटक झालीच, तर तिचे कारण सांगणे, घरी कळवणे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आणि हो, न्याय संहितेत शिक्षेचे सहा प्रकार सांगितले आहेत. चाकाची हवा सोडणे त्यांत नाही!

दिवसभर उन्हाधुरात उभ्या असलेल्या पोलिसाशी हुज्जत घाला, असे मी म्हणत नाही. आपली चूक असेल तर ती कबूल करावी. मात्र नियम विचारण्यात कसला आलाय उद्धटपणा?

बाबांनी दुसऱ्याच दिवशी डायनामो दुरुस्त करून घेतला. पण त्या चौकातून ते पुन्हा कधी गेले नाहीत. लांबच्या वाटेने जात राहिले. तेवढी वाट कुणा सायकलस्वाराला वाकडी करावी लागू नये, एवढेच वाटते.