बुजगावण्याकडे पाठ फिरवून

एखाद्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेला चाळीस वर्षे पूर्ण झाली की तिच्या चाहत्यांना प्रेमाचे भरते येते. माळ्यावरची तबकडी पुसून खाली उतरवली जाते. केस पिकलेली मंडळी जमतात. कोणाला पहिली मोटार आठवते, कोणाला पहिले प्रेम. दोन-तीन लाडकी गाणी वाजतात, डोळे पाणावतात आणि सोहळा संपतो. यात वावगे ते काय, असे कोणी विचारील. एरवी मीही तेच म्हटले असते. परंतु हे कौतुक अमेरिकन गायक जॉन मेलेनकॅम्प यांच्या ‘स्केअरक्रो’ या १९८५ सालच्या अल्बमच्या वाट्याला येते, तेव्हा मला गप्प बसवत नाही. ‘स्केअरक्रो’ म्हणजे बुजगावणे. ते ज्या शेतात उभे होते ते शेत लिलावात गेले, हे सांगत हा अल्बम सुरू होतो. चाहते मात्र त्या शेताला वळसा घालून थेट स्वतःच्या तारुण्याच्या गावी जाऊन उतरतात.

आपल्या कॅथलिक घरांत गिटार परकी नाही, तेव्हा हा विषय काढल्याबद्दल फार क्षमा मागत बसत नाही. ही ध्वनिफीत मी प्रथम ऐकली ती सेमिनरीत, करमणुकीच्या तासाला. वरच्या वर्गातील एका बंधूने ती कुठून तरी मिळवली होती. आज ज्या गोष्टीचा दोष मी इतरांना देतो आहे, तीच त्या वेळी आम्ही केली. तालावर माना डोलावल्या आणि शब्दांकडे कानाडोळा केला. केनी ॲरॉनॉफ यांचा ड्रम तसा होताच! अर्थ उलगडला तो पुढे, वाचनातून, सावकाशीने.

या प्रकारच्या संगीताला ‘हार्टलँड रॉक’ म्हणतात. कारखान्यांच्या आणि शेतीच्या मुलुखातील साध्या माणसाचे जगणे, गिटारीच्या आणि ड्रमच्या सरळ ठेक्यावर, आडपडदा न ठेवता मांडणारी ही गाणी. मेलेनकॅम्प यांचा जन्म १९५१ साली इंडियाना राज्यातील सेमूर या लहान गावी झाला. हा अल्बमही त्यांनी त्याच राज्यात राहून, आजूबाजूची शेते रिकामी होताना पाहत ध्वनिमुद्रित केला.

ती शेते का रिकामी होत होती, हे ठाऊक असल्याशिवाय बुजगावणे कळणार नाही. १९७२ साली सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य खरेदी केले आणि भाव कडाडले. त्या वेळचे कृषिमंत्री अर्ल बट्झ यांचा शेतकऱ्यांना उपदेश असा की, बांधापासून बांधापर्यंत इंच न इंच पेरा. जमिनीच्या किमती चढत होत्या. त्या तारणावर बँका आनंदाने कर्ज देत होत्या. मग ऑक्टोबर १९७९ मध्ये महागाई आवरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने पैशाची कोंडी सुरू केली. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर निर्बंध आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बँकांचा मूळ व्याजदर २१.५ टक्क्यांवर पोहोचला. आयोवा राज्यात १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत शेतजमिनीची किंमत ६० टक्क्यांहून अधिक घसरली. कर्ज मात्र एका पैनेही घसरले नाही. ज्यांनी पेरायला सांगितले आणि ज्यांनी कर्ज घ्या म्हटले, त्यांच्यापैकी कोणाच्या दारी लिलाव पुकारणारा आला नाही. डिसेंबर १९८५ मध्ये, म्हणजे अल्बम निघाला त्याच वर्षी, आयोवातील हिल्स गावाच्या परिसरात कर्जात बुडालेल्या एका शेतकऱ्याने आपली पत्नी, बँकेचा अध्यक्ष आणि एक शेजारी यांना गोळ्या घातल्या आणि नंतर स्वतःचाही अंत केला. हे सारे त्या संगीताच्या पाठीमागे आहे.

आता अल्बमची पहिली तीन गाणी क्रमाने घ्या. क्रमाला मी फार महत्त्व देतो. पहिले ‘रेन ऑन द स्केअरक्रो’. मेलेनकॅम्प आणि त्यांचे मित्र जॉर्ज ग्रीन यांनी मिळून लिहिलेले. आजोबांनी कसलेली जमीन नातवाच्या हातून जाते. लिलाव पुकारायला जुना मित्रच येतो. त्याचेही पोट त्यावर आहे. न्यायालयाच्या आवारात गमावलेल्या शेतांसाठी क्रूस रोवले जातात. ही कविकल्पना नव्हे. मध्यपश्चिमेत शेतकरी त्या काळात निषेधाचे पांढरे क्रूस खरोखरच रोवत होते. त्यानंतर एका मिनिटाहून कमी लांबीचे ‘ग्रँडमाज थीम’. गायकाची वृद्ध आजी लॉरा आपल्या कापऱ्या आवाजात एका जुन्या गीताचा तुकडा गाते. ते गीत १८९६ सालचे, गसी डेव्हिस या कृष्णवर्णीय गीतकाराचे. आगगाडीत एक माणूस रडणारे बाळ घेऊन बसला आहे, आणि पुढच्या सामानाच्या डब्यात बाळाची आई शवपेटीत आहे.

आणि मग, त्यानंतरच, ‘स्मॉल टाऊन’. लहान गावी जन्मलो, तिथेच वाढलो, तिथेच पुरला जाईन, अशा अभिमानाचे ते सुप्रसिद्ध गीत. चाहत्यांच्या प्रत्येक मेळाव्यात हेच आधी वाजते. परंतु त्या गावाच्या वेशीवर लिलाव झालेला आहे आणि गाडीच्या डब्यात एक शवपेटी आहे. हे दोन्ही वगळून जो थेट ‘स्मॉल टाऊन’ला हात घालतो, तो गायकाचे गाणे ऐकत नसून स्वतःचे ऐकतो. अभिमान तोच राहतो, पण त्याचे दुःख कापून काढलेले असते. दुःख कापलेला अभिमान राजकारण्यांनाही फार आवडतो. २००८ साली रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅककेन यांच्या प्रचारसभांतून मेलेनकॅम्प यांची गाणी वाजू लागली आणि ती थांबवा असे गायकाच्या बाजूने कळवावे लागले, याचे मला नवल वाटत नाही.

यावर चाहत्यांचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. गाणे एकदा लोकांत गेले की ते ऐकणाऱ्याचे होते, असे ते म्हणतात. ज्याच्या तरुणपणी हे गाणे रेडिओवर वाजत होते, त्याला ते तरुणपणासकटच आठवणार. खरे आहे. ज्याच्या वडिलांची जमीन खरोखरच गेली, असाही कोणी त्या केस पिकलेल्या घोळक्यात उभा असू शकेल; त्याच्या डोळ्यांतील पाण्याला स्मरणरंजन म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. माझा वाद त्याच्याशी नाही. माझा वाद आहे तो आठवणीला विसाव्याची खाट समजणाऱ्याशी.

कारण आठवण करणे हे या अल्बमला वर्ज्य नाहीच. ध्वनिमुद्रणापूर्वी मेलेनकॅम्प यांनी आपल्या वादकांना साठच्या दशकातील सुमारे शंभर जुनी गाणी शिकून वाजवायला लावली होती. अल्बमचे शेवटचे गीत तर त्या जुन्या संगीताला केलेला उघड मुजराच आहे. म्हणजे हा माणूसही मागे वळून पाहतच होता. परंतु सुतार बापाची हत्यारे उचलतो तसा तो मागे वळला होता, आजचे काम करण्यासाठी. त्याचे चाहते ती हत्यारे काचेच्या कपाटात ठेवतात. २०२२ साली या अल्बमची नवी पेटीबंद आवृत्ती निघाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्लूमिंग्टन येथे विद्यापीठाच्या आवारात गायकाचा ब्राँझचा पुतळाही उभा राहिला. पुतळ्याला माझा विरोध नाही. फक्त ज्याने बुजगावण्यावर गाणे लिहिले, त्याचेच शेतावाचूनचे उभे चित्र व्हावे, हे पाहून मन थोडे खट्टू होते.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. गायकाने गावे, अर्थशास्त्र शिकवू नये. हा आक्षेप आम्हा धर्मगुरूंच्या परिचयाचा आहे. आमच्याही वाट्याला तो येतो. अमेरिकेच्या बिशपांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये ‘इकॉनॉमिक जस्टिस फॉर ऑल’ हे पत्र प्रसिद्ध केले आणि त्यात शेती व अन्न या विषयाला स्वतंत्र जागा देऊन कौटुंबिक शेतीची बाजू घेतली, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावे लागले की वेदी सांभाळा, बाजार आम्ही सांभाळतो. त्याआधी, ४ ऑक्टोबर १९७९ रोजी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी आयोवातील एका शेतावर मिस्सा अर्पण केली होती आणि भूमीच्या राखणदारीविषयी प्रवचन केले होते. बरोबर दोन दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, मध्यवर्ती बँकेने ती पैशाची कोंडी जाहीर केली. महागाईही गरिबालाच खाते, हे मला मान्य आहे. पण कोंडीचा भार कोणाच्या बांधावर पडतो हे विचारणारा कोणीतरी हवा. नाबोथाने वडिलांचे वतन म्हणून द्राक्षमळा द्यायला नकार दिला, आणि तो मळा घेण्यासाठी राजवाड्याने न्यायालयच वापरले. ती कथा सांगणाऱ्यालाही राज्यकारभारातले काही कळत नाही, असे अहाबाच्या दरबारात कोणी ना कोणी म्हटलेच असेल.

शिवाय मेलेनकॅम्प नुसते गाऊन थांबले नाहीत. २२ सप्टेंबर १९८५ रोजी विली नेल्सन आणि नील यंग यांच्याबरोबर त्यांनी इलिनॉय राज्यातील शँपेन येथे ‘फार्म एड’ची पहिली मैफल उभी केली. १९८७ साली नेल्सन यांच्यासह शेतकऱ्यांना घेऊन ते अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष द्यायला गेले. त्याच वर्षी काँग्रेसने कृषिकर्जाचा नवा कायदा मंजूर केला, आणि अनेक कुटुंबांना जप्तीपूर्वी श्वास घ्यायला उसंत मिळाली. तो माणूस संत नाही. २००६ साली आपले ‘अवर कंट्री’ हे गाणे त्याने एका मोटार कंपनीच्या जाहिरातीला दिले आणि पुष्कळांची नाराजी ओढवून घेतली, माझीही. पण नाराज होऊनही मी तबकडी फेकली नाही, कारण प्रश्न गायकाच्या चारित्र्याचा नव्हता, शेताचा होता.

आणि ते शेत अजूनही जाते आहे. १९८२ च्या कृषिगणनेत अमेरिकेत सुमारे २२ लाख ४१ हजार शेते होती. २०२२ च्या गणनेत ती १९ लाखांवर आली. त्यांतील १ लाख ४१ हजारांहून अधिक तर २०१७ नंतरच्या अवघ्या पाच वर्षांत कमी झाली. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचे म्हणून जे गाणे डोळे मिटून ऐकले जाते, ते कालच्या लिलावाचेही आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी मिनियापोलिस येथे ‘फार्म एड’ची चाळिशी साजरी झाली. त्र्याहत्तर वर्षांचे मेलेनकॅम्प तेथेही गायले. ज्यांच्या घरी हा अल्बम असेल त्यांनी तो यंदा एकदा पहिल्या गाण्यापासून लावावा, आणि त्या आजीचे जेमतेम मिनिट ओलांडून पुढे जाऊ नये.