वक्त्याची हुर्यो

वादग्रस्त वक्ता आवारात येणार अशी कुणकुण लागली, की 'त्याला बोलू देणार नाही' म्हणणारे एकीकडे उभे राहतात आणि 'नसती ब्याद नको' म्हणून सभागृहाला कुलूप घालणारे दुसरीकडे. ज्यांना नुसते ऐकायचे असते त्यांना कोणी विचारीत नाही. 2022 च्या मे महिन्यात राहुल गांधी यांच्या विद्यार्थिभेटीला उस्मानिया विद्यापीठाने परवानगी नाकारली, तेव्हा हेच झाले. विद्यार्थी संघटनांत दोन तट पडले, धरपकड झाली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. गांधी काय बोलणार होते, याची चर्चा मात्र फारशी झालीच नाही.

वक्त्याला गप्प करण्याचा प्रकार आपल्या कोठीला नवा नाही. दुर्दैवाने, त्यातल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगी आपण मराठी माणसे हुल्लड करणाऱ्यांत होतो.

नोव्हेंबर 1921. जामबागेतील विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम संस्थानातील समाजसुधारणा परिषद भरली होती. विवेकवर्धिनी म्हणजे 1907 साली केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली शाळा. परिषदेचे अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. 1893 साली विधवेशी विवाह केला म्हणून ज्यांना मुरुडकरांनी वाळीत टाकले, तेच! इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे शांतपणे पार पडली. मग आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील एका ठरावावर तेलुगूत बोलू लागले आणि श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यांना बोलता आले नाही.

या वक्त्याने कोणाच्या देवाधर्माची निंदा केली नव्हती. संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ जिल्ह्यांची जी भाषा, ती त्यांच्या तोंडी होती, एवढाच त्यांचा अपराध. मग वक्ता वादग्रस्त ठरतो तो त्याच्या विचारांमुळे, की श्रोत्यांच्या घमेंडीमुळे? आणि हुल्लड करणारे अडाणी नव्हते; सुधारणेचे ठराव करायला जमलेली शिकलीसवरलेली मंडळी होती. मला बोचते ते हे.

दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी काय केले? त्यांनी खुर्च्या फेकल्या नाहीत. ते सभागृहाबाहेर पडले, त्याच रात्री एकत्र बसले आणि आंध्र जनसंघ स्थापन केला. माडपाटी हनुमंतराव यांच्यासारख्यांनी तो वाढवला, वेठबिगारीविरुद्ध पुस्तिका काढल्या. त्यातून 1930 साली जोगीपेठला पहिली आंध्र महासभा भरली. दुसऱ्या महासभेचे अध्यक्ष बुर्गुल रामकृष्णराव हे पुण्याच्या फर्ग्युसनचे विद्यार्थी, आणि 1952 साली हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले तेही तेच. आपली महाराष्ट्र परिषद परतूरला भरायला 1937 साल उजाडावे लागले. ज्यांना आपण हसलो, त्यांच्याच वाटेने आपण सोळा वर्षांनी गेलो म्हणायचे!

वक्ता न पटल्यास उठून जावे, काळी निशाणे दाखवावी, शेजारच्या खोलीत आपली सभा घ्यावी. हे सारे श्रोत्याचे हक्क आहेत. शेजारी बसलेल्याच्या कानांवर मात्र त्याचा हक्क नाही. कोणी म्हणेल, वक्ता दंगलीची चिथावणी देत असेल तर? तर त्याच्यासाठी कायदा आहे. पण चिथावणी बोलण्यातून दिसते, निमंत्रणपत्रिकेवरच्या नावातून नव्हे. प्राचार्य आणि प्राध्यापकांनाही नम्रपणे सांगावेसे वाटते, की गोंधळाच्या नुसत्या धमकीने कार्यक्रम रद्द झाला, की धमकी देणाऱ्याला पुढच्या खेपेसाठी प्रमाणपत्रच मिळते.

आपल्या वादसभेने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक व्याख्यानात निम्मा वेळ प्रश्नांना ठेवून पहिला प्रश्न विरोधकाला द्यावा. आणि दर वर्षी 12 नोव्हेंबरला एक व्याख्यान तेलुगूत ठेवावे. मराठी आणि कानडी विभागांच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवशी पुढच्या रांगा भराव्यात. सगळे कळले नाही तरी चालेल, शेजारच्याला हळूच विचारता येते.