वाइन चाखण्याच्या मैफलीत शीतकढीचे ताट कुठे असते?

पणजीतील एका उपाहारगृहाच्या गल्ल्यावर बसून गेली बावीस वर्षे मी गिऱ्हाइकांची ये-जा पाहतो आहे. या काळात पदार्थांच्या यादीपेक्षा टेबलाभोवती बसणारी माणसे अधिक बदलली. पूर्वी रविवारी दुपारी फोंडा, म्हापसा, डिचोलीहून कुटुंबे येत. आजोबा बांगड्याचे हुमण मागवीत आणि मुलांसाठी सुंगटे तळून जात. आता त्या टेबलांवर बहुधा पर्यटक असतो. स्थानिक माणूस वाढदिवसापुरता येतो, दरपत्रक उलटसुलट पाहतो आणि जपून मागवतो. भाडी वाढली, मासळी महागली, गाडी लावायला जागा उरली नाही, ही कारणे खरीच. परंतु त्याहून बोचणारे कारण वेगळे आहे. ही जागा आता आपल्यासाठी राहिलेली नाही, अशी त्याची समजूत झाली आहे आणि ती करून देण्यात आम्हा व्यावसायिकांचा हात मोठा आहे.

अलीकडे रुजलेल्या ‘वाइन टेस्टिंग’च्या संध्याकाळी हे त्याचेच ताजे उदाहरण. चार-पाच वाइन, एक जाणकार सूत्रधार, थोडे चीज आणि पुष्कळ विशेषणे. आठ वर्षांपूर्वी मी पहिली अशी संध्याकाळ ठेवली, तेव्हा पुरवठादाराने दिलेली यादी निमूटपणे स्वीकारली होती. त्यातल्या तीन वाइन गडद, तुरट लाल होत्या. पाहुण्यांत एक निवृत्त शिक्षक होते. सारे ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “यातली कुठली आपल्या शीतकढीबरोबर चालेल?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. सूत्रधाराकडेही नव्हते.

उत्तर अवघड नाही, ते शोधण्याची कुणाला गरज वाटली नव्हती एवढेच. लाल वाइनमधील तुरटपणा आणि मद्यार्क मिरचीचा दाह वाढवतात. बांगड्यासारख्या तेलकट मासळीबरोबर तीच वाइन तोंडात लोखंडी चव सोडते. नारळाचा रस, सोलांचे आंबटपण आणि तिरफळांचा झणका यांना हवी थंड, आंबटसर, किंचित गोडीकडे झुकणारी पांढरी वाइन. नाशिक परिसरात होणारी शेनिन ब्लाँ या कामी उत्तम ठरते आणि ती परदेशी बाटलीच्या मानाने स्वस्तही पडते. आणखी एक गैरसमज तापमानाचा. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा नियम युरोपातल्या खोल्यांचा, म्हणजे सोळा ते अठरा अंशांचा. मे महिन्यातल्या पणजीत तो पाळला तर पेल्यात कोमट काढाच मिळेल. वाढण्यापूर्वी वीस मिनिटे बाटली फ्रीजमध्ये ठेवायला मी अजिबात लाजत नाही.

आणि वाइन आपल्या स्वयंपाकघराला परकी तरी कुठे? विंदालूचे मूळ वाइन-लसणात मुरवलेल्या मांसाच्या पोर्तुगीज पदार्थात आहे. इथे वाइनची जागा माडाच्या सुरेच्या शिर्क्याने घेतली. आपल्याकडे ‘पोर्ट’ म्हणून विकली जाणारी गोड वाइन मात्र पोर्तुगालातील दोरु खोऱ्याच्या पोर्टपेक्षा पुष्कळ वेगळी. तिला नाके मुरडणारे जाणकार मी पाहिले आहेत. सणासुदीला घराघरांत तीच पेल्यात असते, हेही पाहिले आहे.

आता पैशांचे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच पेले निघतात. उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत उतरते, म्हणून बहुतेक मालक पहिल्याच पेल्यात बाटलीची किंमत वसूल करू पाहतात. परदेशी वाइनवर मुळात १५० टक्के आयात शुल्क. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून पाच डॉलरहून अधिक किमतीच्या बाटलीवर ते १०० टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत पन्नासवर येणार आहे. जेवणावर पाच टक्के जीएसटी, मद्य मात्र जीएसटीबाहेर, त्यावर राज्याचा कर वेगळा. हे सारे पाहुण्याच्या बिलात उतरते. चाखण्याचा हिशेब मात्र निराळा असतो. पन्नास मिलिलिटरप्रमाणे एका बाटलीत पंधरा माणसे होतात, काही वाया जात नाही. म्हणूनच योग्य रीतीने घेतलेली अशी संध्याकाळ नेहमीच्या जेवणापेक्षा स्वस्त ठेवता येते. ती महाग असते, कारण ती महाग दिसावी असे आम्हालाच वाटते.

फेणीचा विषय तर याहून नाजूक. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्य सरकारने वारशाचा दर्जा दिला. तरीही ‘देशी दारू’ हा जुना शिक्का तिला राज्याबाहेर आडवा येत राहिला. राज्यातही चांगल्या हॉटेलात ती फळांच्या रसात लपवूनच पुढे येते. वास्तविक चाखण्याची स्वतःची परिभाषा असलेले हे पेय आहे. भाटीवरचा माणूस तिची ताकद ग्रावमध्ये सांगतो, दोन थेंब तळहातावर चोळून वास घेतो आणि हंगाम कसा गेला ते ओळखतो. हे ज्ञान पुस्तकी सूत्रधाराच्या ज्ञानापेक्षा तसूभरही कमी नाही. फक्त ते कोंकणीत बोलले जाते आणि त्याला मानधन देण्याची पद्धत नाही.

एका गोष्टीबाबत मात्र आमचा व्यवसाय सोयीस्कर मौन पाळतो. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटात वाइनविक्रीला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद झाला होता. विरोधानंतर तो निर्णय अमलात आला नाही, युक्तिवाद मात्र टिकून आहे. मला तो मान्य नाही. पाच वाइनचे पन्नास-पन्नास मिलिलिटर म्हणजे अडीचशे मिलिलिटर. तेरा टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे पंचवीस ग्रॅम मद्यार्क. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम आहे. सत्तर किलो वजनाचा माणूस तासाभरात एवढे प्याला, तर ती सहज ओलांडतो. चाखून थुंकायचे भांडे टेबलावर असते खरे, पण ते वापरणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे. रात्री दहानंतर गावाकडे जाणाऱ्या बसचा भरवसा नाही, टॅक्सीचे भाडे जेवणाइतके. मग स्थानिक पाहुणा दुचाकीची किल्ली फिरवतो. त्याला घरी सुखरूप पोचवण्याची जबाबदारी परवान्यात लिहिलेली नसली, तरी यजमान म्हणून ती माझीच आहे.

म्हणून मी आता या संध्याकाळी दुपारी नेल्या आहेत. बारा ते तीन, तीनच पेले, सोबत भात, हुमण, किसमूर आणि भरपूर पाणी. भाड्याची एक मिनीबस फोंड्याच्या बाजूला, एक म्हापशाकडे. नफा थोडा घटला. एप्रिलमध्ये हंगाम भरात असताना एक पेला हुर्राकचा ठेवतो आणि त्यावर बोलायला भाटीवरच्या माणसालाच बोलावतो, शहरातल्या सूत्रधाराला देतो तेवढेच मानधन देऊन. पहिल्या खेपेस त्याने ते घ्यायला नकार दिला होता. यंदा त्याने स्वतःहून विचारले की, पुढच्या वर्षी तारीख कुठली ठेवणार?