धन, ऋण आणि कोयना

समाजभौतिकीचा दावा असा की, चुंबकातील अणू ज्याप्रमाणे शेजारच्या अणूंच्या प्रभावाने आपली दिशा ठरवतात, त्याप्रमाणे माणसेही शेजाऱ्यांच्या प्रभावाने आपली मते ठरवतात. अर्न्स्ट आयझिंगने १९२५ साली मांडलेले लोहचुंबकत्वाचे प्रतिमान सर्ज गलाम आदी भौतिकशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून समाजाला लावले: धन एक म्हणजे होकार, ऋण एक म्हणजे नकार. हट्टी अल्पसंख्य बहुमत कसे उलटवू शकतात हे या गणिताने दाखवले, आणि ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो हेच प्रतिमान वाचकांच्या अभिरुचीला आणि लोकांच्या बोलण्याला सरसकट लावू पाहणाऱ्या समीक्षेवर.

पाटण तालुक्याचे उदाहरण घ्यावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा परिसर ६.३ रिश्टर तीव्रतेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. १९६२ मध्ये जलाशयात पाणी साठू लागल्यापासून लहान धक्के जाणवत होतेच. ‘धरणामुळे भूकंप झाला’ या विधानाला प्रतिमानात एकच चिन्ह मिळेल. परंतु जमीन पाण्याखाली गेलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी ते गाऱ्हाणे असते, अभियंत्याच्या कानी तो आरोप असतो आणि भूवैज्ञानिकापुढे ते तपासण्याजोगे गृहीतक असते. चिन्ह एक, अर्थ तीन. शिवाय धरणाने ज्यांची गावे उठवून दूरच्या जिल्ह्यांत वसवली, त्यांचा शेजारच मोडलेला. प्रतिमान मात्र शेजार बहुधा गृहीतच धरते.

भूविज्ञानातील वादही केवळ होकाराच्या किंवा नकाराच्या विजयाने पुढे सरकला नाही. खडकात ताण आधीचाच होता, जलाशयाने त्याला चालना दिली, अशी मांडणी रुळली. ‘घडवणे’ आणि ‘चालना देणे’ हा भेद भाषेत करावा लागला. मतांचे पर्याय आधीच ठरवून ठेवणाऱ्या प्रतिमानाला हा तिसरा शब्द सापडला नसता. नामकरणाच्या खेळाच्या प्रतिमानांत नवी नावे जन्मतात हे खरे. पण ती ठरलेल्या वस्तूची लेबले असतात, वस्तूकडे पाहण्याची नवी रीत नव्हे.

समीक्षेने आकडेमोडीला भिऊ नये. मात्र मोजण्यापूर्वी काय बोलले गेले ते वाचावे लागते. ते वाचन टाळले, तर विस्थापिताचे गाऱ्हाणे बाणाची एक दिशा होऊन उरते, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.