कप्तान कोण?

पळवणकर बाळूंना 'भारताचे जॅकी रॉबिन्सन' म्हणण्याची एक पद्धत पडली आहे. मला ती उफराटी वाटते. कृष्णवर्णी रॉबिन्सन गोऱ्यांच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये उतरला तो १५ एप्रिल १९४७ रोजी. त्याच्या कितीतरी वर्षे आधी बाळू पुण्यात हिंदूंच्या संघातून गोलंदाजी करीत होते.

चांभार समाजातले बाळू पुण्याच्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करीत. पगार महिना चार रुपये. ग्रेगसाहेबाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात तयार झाला. हिंदूंना साहेबांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सगळे झेलीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू कातड्याचा चालतो, कपबशी मात्र विटाळते! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी दिले गेले नाही. १९२० साली याच प्रश्नावर त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

म्हणून माझे मत असे, की बंधन मोडले ते बाळूंना संघात घेतले तेव्हा नव्हे. गुणी माणसाला राबवून घ्यायला कोणीही तयार असतो. त्याच्या हुकमात उभे राहायची वेळ आली की जात आठवते. अमेरिकेतही हेच झाले. मरणापूर्वी थोडे दिवस, १९७२ मध्ये, रॉबिन्सनने जाहीरपणे बोलून दाखवले की आपल्याला संघाचा व्यवस्थापक कृष्णवर्णी झालेला पाहायचा आहे. तो झाला १९७५ मध्ये, रॉबिन्सन गेल्यावर.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. आमच्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत यात्रेला टेनिस बॉलचे सामने होतात. आमच्या गावच्या संघात गावठाणातली आणि आमच्या वस्तीतली पोरे मिळून खेळतात, चहाही एकाच किटलीतला पितात. हे मी नाकारीत नाही. सर्वांत जास्त बळी घेतो तो आमच्या वस्तीतला. यंदा कप्तान ठरवायची बैठक गावठाणातल्या एका ओट्यावर झाली. त्याला निरोप आला तो दुसऱ्या दिवशी, सकाळी आठला मैदानावर ये म्हणून.