कल आना आणि नाळे बा

दिवाळीनंतर इंदूरला ताईकडे गेलो होतो. बोलावण्याचे कारण तिने फोनवरच सांगितले होते, ‘तू प्राध्यापक, तुझे तो ऐकेल. त्याला नोकरी धरायला सांग.’ भाचा इंजिनिअर. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिसच्या मोठाल्या इमारती उभ्या असताना मुलगा घरी बसून दुकानदारांच्या वेबसाइट करतो, हे भावोजींना पटत नव्हते.

रात्री तो मला सराफ्यात घेऊन गेला. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस खाता खाता मी विचारले, ‘अरे, गिऱ्हाईक मिळते कुठून?’

‘मामा, तेच तर अवघड.’ सुरुवातीला तो अपवर्कवर अर्ज टाकीत असे. तिथे अर्जासाठीही ‘कनेक्ट्स’ खर्ची पडतात, संपले की विकत घ्यायचे. आणि एका कामावर जगभरचे लोक तुटून पडलेले. पाच महिने एकही काम नाही. मग एका कापड दुकानाचे मिळाले. साइट झाली, पण पैसे मागितले की ‘कल आना’. मला हसू आले. भुताने वाचून परत जावे म्हणून आपल्याकडे कर्नाटकात दारावर ‘नाळे बा’ लिहीत, त्याची आठवण झाली. भाचाही तसाच दोन महिने परत फिरत होता. मात्र त्या दिवसांत पेट्रोलचे पैसे आईकडे मागावे लागले, हे त्याने मान खाली घालून सांगितले तेव्हा माझे हसू मावळले.

नंतर त्याने रीत बदलली. काय करणार, किती दिवसांत, किती दुरुस्त्या फुकट, हे आधी कागदावर लिहायचे. निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर काढायचे, म्हणजे हा आपल्याला अडवेल अशी भीती त्यालाही नको. ‘वेबसाइट करायची का?’ असे विचारणेही सोडले. एका शिकवणीवाल्या सरांना त्याने विचारले, ‘रोज फोनवर काय काय सांगून थकता?’ फी, वेळ, पत्ता! तेवढेच एक पान करून दिले. सरांनी त्याला एका डॉक्टरांकडे पाठवले, डॉक्टरांनी आपल्या मेहुण्याकडे. आता बहुतेक कामे अशी ओळखीतूनच येतात.

घरी येऊन ताईला म्हटले, ‘एक वर्ष दे त्याला. पण दरमहा घरात ठरलेली रक्कम द्यायची, ही अट घाल.’ भावोजी काही बोलले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

आपल्या बेळगाव-निपाणीच्या दुकानांत एकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड चालते. दोन्ही भाषांत पान करून देणारा मुलगा आपल्याच घरात असू शकतो. आपण ज्याला विश्वास म्हणतो, त्या ‘नंबिके’वरच हा धंदा चालतो. तेव्हा मुलाने असे काही काढले तर लगेच रागावू नका. एवढेच विचारा, ‘कागद केलास ना? निम्मे आधी घेतलेस ना?’ नाही तर ‘नाळे बा’ आहेच!