कागदी मण्यांची मजुरी कोण मोजणार?

बचत गटांना शिकवायच्या हस्तकलांत कागदी मणी सहज बसतात. जुनी दिनदर्शिका, कात्री, डिंक आणि विणायची सुई एवढ्यावर काम सुरू होते. यवतमाळसारख्या कोरडवाहू जिल्ह्याला तर हा उद्योग सोयीचाच वाटेल. कापसाची वेचणी आटोपली की उन्हाळ्यात शेतात काम उरत नाही, आणि मण्यावरचे वार्निश झटपट सुकते तेही त्याच दिवसांत. तेव्हा ही कला शिकवायला हरकत काहीच नाही. फक्त माल कोण आणि काय भावाने घेणार हे ठरलेले नसताना त्या शिकवणीला रोजगार म्हणू नये.

‘कच्चा माल फुकट’ हे अर्धसत्य आहे. वर्तमानपत्राचा कागद डिंक पिऊन मऊ पडतो, लग्नपत्रिकेचा जाड कागद गुंडाळताना तडकतो. मासिकाचा गुळगुळीत कागदच बरा. त्याची फूटभर लांब, निमुळती पट्टी कापायची, रुंद टोकाकडून सुईवर घट्ट गुंडाळायची आणि टोक डिंकाने चिकटवायचे. पट्टी केसभर सरकली तरी मणी तिरपा होतो. सरावलेल्या हाताला एका मण्यास दोन मिनिटे धरली तर साठ मण्यांच्या माळेला दोन तास लागतील. कापणे, वार्निश, ओवणे यांचा आणखी एक धरू. महाराष्ट्रात 2024-25 साली मनरेगाची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. आठ तासांच्या दिवसाच्या हिशेबाने तीन तासांचे 111 रुपये होतात. म्हणजे फासा, दोरा, वार्निश आणि दुकानदाराचे कमिशन धरण्याआधीच माळेची मजुरी शंभरावर गेली. बाजारात प्लॅस्टिकची माळ याहून कितीतरी स्वस्त मिळते.

‘घरबसल्या चार पैसे मिळाले तर बिघडले काय?’ असे यावर कोणी विचारील. बिघडते ते असे की घरी बसलेल्या बाईचा वेळ फुकटचा धरला जातो. यवतमाळच्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1972 च्या दुष्काळात मजुरीची सरकारी कामे राज्यभर निघाली. तिथे खोदलेल्या मातीचे माप घेऊन मजुरी ठरे. मण्यांच्या शिकवणीत मात्र किती जणी आल्या एवढेच मोजून भागणार असेल, तर उन्हातल्या मजुरीला असलेला हिशेब ओसरीवरच्या मजुरीला नाही असाच त्याचा अर्थ होतो.

कागदी मण्यांसाठी युगांडाचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो खोटा नाही. कंपालातल्या गरीब वस्त्यांमधल्या बायका मणी आधीपासूनच करीत होत्या. त्यांच्या हातात पैसा येऊ लागला तो 2004 साली सुरू झालेल्या ‘बीडफॉरलाइफ’ या संस्थेने त्यांचा माल विकत घेऊन अमेरिकेत घरोघरच्या मेळाव्यांतून खपवला तेव्हा. शिवाय मण्यांवर जन्मभर विसंबून न राहता बचत करून दुसरा धंदा उभा करावा, हाही त्या योजनेचाच भाग होता. दाखला देताना नेमका हाच भाग गळतो.

आपल्याकडे बचत गटांच्या मालासाठी महालक्ष्मी सरस आहेच, असेही म्हणता येईल. पण ते प्रदर्शन काही दिवसांचे. बाकीचे महिने माल कुठे जाणार? पुसद-दिग्रसकडचे बंजारा भरतकाम मण्यांच्या जोडीला ठेवता येईल, मात्र कपड्यावर नको, कारण कागदी मण्याला धुणे सोसत नाही. गळ्यातली माळ, दाराचे तोरण, राखी अशा पाण्यापासून दूर राहणाऱ्या वस्तूच कराव्यात. त्यांतही राखी आधी: तिचे गिऱ्हाईक ठरलेले असते, मणी थोडे लागतात आणि उन्हाळ्यात केलेला माल श्रावणात विकता येतो. शिकवणीवर खर्च करणाऱ्या यंत्रणेने मार्चमध्येच शाळा, सहकारी ग्राहक भांडारे आणि दुकानदारांकडून लेखी मागणी मिळवावी, नगामागे मजुरी जाहीर करावी आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. मागणी आली नाही, तर त्या वर्षी दुसरे काही शिकवावे.